कंटाळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ‘बोरिंग’ हा शब्द उच्चारून पाहावा. लोक पाण्याविषयी बोलू लागतात. किती फुटांवर पाणी लागले, गाडी रात्री किती वाजता आली, कुणाचा बोअर कोरडा गेला. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, तिथे हा शब्द कंटाळ्याचा कसा असेल? बँकेत असताना बोअरच्या कर्जासाठी टेबलासमोर बसलेले शेतकरी मी वर्षानुवर्षे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी असे, आशा असे. कंटाळा कधी दिसला नाही.

निवृत्तीनंतर बँकेच्या परीक्षांना बसणारी काही मुले-मुली इंग्रजीसाठी माझ्याकडे येतात. त्यांच्या वहीत शब्दांची एक रांग असते : डल, बोरिंग, टीडियस, मोनोटोनस, ड्रॅब, इन्सिपिड, प्रोझेइक. सातही शब्दांपुढे अर्थ एकच, ‘कंटाळवाणे’. पाठांतर चोख असते. वापरायची वेळ आली की पंचाईत होते.

पहिली ठेच ‘आय ॲम बोरिंग’ या वाक्याला लागते. त्याला हसू नये. ‘मला कंटाळा आला’ असे आपण म्हणतो. आपला कंटाळा तापासारखा येतो आणि जातो. तो कुणी आणला, याची चौकशी मराठी व्याकरण करीत नाही. इंग्रजी करते. कंटाळा आणणारा तो ‘बोरिंग’ आणि ज्याला तो आला तो ‘बोअर्ड’. एवढा फरक कळला नाही तर मुलाखतीत आपणच आपल्याविषयी सांगून बसतो, की साहेब, मी फार रटाळ माणूस आहे!

पुढचे शब्द सोपे आहेत, कारण ते आपल्या घरातच आहेत. ‘इन्सिपिड’च्या लॅटिन मुळाचा अर्थ चव नसलेले. आपले ‘अळणी’ तेच सांगते; भाजी अळणी असते आणि भाषणही. ‘मोनोटोनस’ म्हणजे शब्दशः एकसुरी. ‘टीडियस’ काम वाईटच असते असे नाही. ते लांबते आणि माणसाला दमवते. संगणक येण्यापूर्वी लेजर जुळवताना काही पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री जागवीत असू. काम टीडियस खरे. पण फरक सापडला की त्या क्षणाला ‘डल’ म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. ‘प्रोझेइक’ हा शब्द ‘प्रोज’वरून, म्हणजे गद्यावरून आला. रूक्ष माणसाला आपणही ‘गद्य’ म्हणतोच. जन्मभर गद्य लिहिलेल्या माणसाने हा शब्द जरा खाकरूनच शिकवावा.

‘ड्रॅब’ची गोष्ट मला विशेष आवडते. या शब्दाचे मूळ कापडात आहे : न रंगवलेले, मातकट कापड. आता आपल्या जिल्ह्यातले तेर घ्या. संत गोरोबा काकांचे हे गाव प्राचीन काळी ‘तगर’ म्हणून प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालाची नोंद आहे. त्यात मलमलीबरोबर पुष्कळ साधे, जाडेभरडे कापडही आहे. म्हणजे ज्याला आज कुणी नाक मुरडून ‘ड्रॅब’ म्हणेल, त्याच कापडाने या गावाचे नाव समुद्रापारच्या पुस्तकात नेले.

हे सारे आठवण्याचे कारण एका मुलीचा निबंध. विषय होता ‘माझे गाव’. तिचे पहिलेच वाक्य : ‘माय व्हिलेज इज डल.’ व्याकरण निर्दोष. मी विचारले, “डल काय आहे गं? घरे, माणसे, शिवार?” ती जरा थांबून म्हणाली, “तसं नाही काका. संध्याकाळी पाचनंतर एसटी नाही. वाचनालय नाही. बारावीनंतर मैत्रिणींची लग्नं झाली. बोलायला कुणी उरलं नाही.” मी म्हटले, “मग हेच लिही की!”

तिने चार वाक्ये लिहिली. त्यात विशेषण एकही नव्हते. ‘डल’ म्हटले की दोष गावाच्या माथी बसतो आणि विषय संपतो. एसटी नाही म्हटले की कुणाला तरी अर्ज करता येतो. तसा अर्ज तिने खरोखरच लिहिला, तोही मराठीत. उत्तर अजून आलेले नाही.

सुटीच्या दिवशी घरातली मुले ‘बोअर होतंय’ म्हणतात. त्यांच्यावर डाफरण्याआधी एकदा विचारून पाहावे : अळणी वाटते आहे, एकसुरी झाले आहे, की नुसता थकवा आहे? अळणीला मीठ लागते, थकव्याला झोप. आणि कधी कधी मुलाला फक्त बोलायला माणूस हवे असते. तेवढे तर आपण घरातल्या घरात देऊ शकतो.