पदक मिळतं, मग नाव का टिकत नाही?

उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो आले की भिगवणात पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. पक्षी गेले की गाड्याही बंद. काही खेळांचं असंच आहे, फक्त त्यांचा हंगाम चार वर्षांनी येतो.

फिगर स्केटिंग घ्या. बर्फावर संगीताच्या तालात उड्या-गिरक्या घेणारे हे खेळाडू हिवाळी ऑलिंपिकमध्ये जगभर पाहिले जातात, आणि मग विसरले जातात. एक कारण म्हणजे गुण. पूर्वी सहापैकी गुण असायचे, तेवढं तरी समजायचं. २००२ च्या ऑलिंपिकमध्ये पंचांवरून वाद झाला आणि नवी पद्धत आली. ती जास्त न्याय्य असेलही, पण घरी बसून बघणाऱ्याला त्या आकड्यांचा पत्ता लागत नाही. चौकार गेला की पहिलीतल्या पोरालाही कळतं ना! नॉर्वेच्या सोन्या हेनीचं नाव मात्र राहिलं. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदकं घेऊन ती हॉलिवूडमध्ये गेली. म्हणजे नाव टिकवायला सिनेमाही लागला.

आपल्याकडे तर कुस्ती सगळ्यांना कळते. तरीही खाशाबा जाधवांचं काय झालं? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकलं. (शिक्षक म्हणून मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.) त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

मिरवणूक एका दिवसाची असते. नाव पक्कं व्हायला माणूस पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. कबड्डीत हे घडताना आपण पाहिलंय. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर सुरू झाली, रोज संध्याकाळी सामने दिसू लागले आणि मुलांना चढाईपटूंची नावं पाठ झाली. खेळ जुनाच होता. उलट स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं, पण त्याचा पुढचा सामना कधी होता हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

१५ जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन आहे. शाळेत फोटोला हार घालून होतो. त्याच तासाला ऑलिंपिकच्या कुस्तीत गुण कसे देतात ते फळ्यावर काढून दाखवा, आणि जमलं तर एक जुनी कुस्ती मोबाईलवर लावा. मुलं स्वतःच गुण मोजायला लागतात.