आवडत्या नटाची तसबीर आणि चित्रपटाचा दुसरा भाग

आवडत्या नटाचा अगर नटीचा चेहरा पेन्सिलीनें काढण्याचा छंद श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं कोणाला ना कोणाला असेलच. एकच चेहरा दहा वेळां काढला जातो आणि दहावें चित्र पहिल्याहून बहुधा सरस उतरतें. चित्रपटांच्या बाबतींत मात्र असें क्वचितच घडतें. गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग निघतो, तिसरा निघतो, आणि पहिल्याची सर याला नाहीं असें म्हणत प्रेक्षक घरीं परततो. पुनरावृत्तीनें एके ठिकाणीं कला वाढावी आणि दुसऱ्या ठिकाणीं ती खुंटावी, याचें कारण काय असावें?

प्रथम तसबिरीचा विचार करावा. नवशिका चित्रकार छायाचित्र समोर ठेवतो खरा, पण काढतो मनांतला चेहरा. डोळे महत्त्वाचे वाटतात म्हणून ते मोठे होतात आणि कपाळाची उंची लक्षांत न घेतल्यामुळें फार वर सरकतात. वस्तुतः प्रौढ माणसाच्या डोक्याची उंची मोजली, तर डोळे जवळजवळ निम्म्यावर येतात, आणि दोन डोळ्यांमधील अंतर सुमारें एका डोळ्याएवढें भरतें. मोजून पाहिल्याखेरीज हें पटत नाहीं. म्हणूनच छायाचित्रावर चौकटी आखून तितक्याच चौकटी कागदावर आखण्याची जुनी रीत आहे. एकेका चौकटींत कोणती रेघ कोठून शिरते व कोठून बाहेर पडते, एवढेंच पाहावयाचें. कांहीं चित्रें हातावेगळीं झालीं कीं डोळा स्वतःच माप घेऊं लागतो. मग पापणीचा केस न् केस रंगविण्यापेक्षां नाक, ओठ व हनुवटी यांच्यामधील अंतर साधणें अधिक मोलाचें, हें ध्यानांत येतें. रेषा कमी होतात, आणि चेहरा अधिक ओळखूं येतो.

परंतु यास एक अट आहे. प्रत्येक वेळीं नजर मूळ चेहऱ्याकडे गेली पाहिजे. मागील चित्र समोर ठेवून त्यावरूनच पुढील काढलें, तर पहिल्यांतील चूक दुसऱ्यांत वाढते, तिसऱ्यांत आणखी वाढते, आणि किंचित् वांकडें हास्य अखेर वेडावल्यासारखें दिसूं लागतें. एम. एफ. हुसेन यांचें उदाहरण येथें आठवतें. पंढरपुरास जन्मलेल्या व तरुणपणीं मुंबईंत चित्रपटांचे फलक रंगविणाऱ्या या चित्रकारास उतारवयांत माधुरी दीक्षित यांच्या अभिनयानें वेड लावलें. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट त्यांनीं पुनःपुन्हां पाहिला, माधुरींचीं अनेक चित्रें रंगविलीं, आणि २००० सालीं 'गजगामिनी' हा चित्रपटही काढला. चाहत्याची भक्ति मूळ व्यक्तीकडे अशी वारंवार वळत राहिली, तर ती शिळी होत नाहीं.

हीच कसोटी चित्रपटांच्या पुढील भागांना लावून पाहावी. अमेरिकेंत १९३३ सालीं प्रचंड वानराचा 'किंग काँग' हा चित्रपट गाजला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'सन ऑफ काँग' घाईघाईनें पडद्यावर आला. त्यास पहिल्याची कीर्ति लाभली नाहीं. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'नंतर दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनीं चार वर्षांनीं 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला, त्याची गोष्ट निराळी. पहिल्या चित्रपटांत मुका असलेला तो मानवनिर्मित राक्षस दुसऱ्यांत एका अंध वृद्धाच्या झोपडींत चार शब्द बोलावयास शिकतो आणि त्याला मित्र हवासा वाटूं लागतो. मागील भीतीची केवळ उजळणी न करतां दिग्दर्शकानें त्या प्राण्याच्या एकाकीपणाकडे नव्यानें पाहिलें. म्हणूनच अनेक समीक्षक दुसरा भाग श्रेष्ठ मानतात.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनीं १९७२ च्या 'गॉडफादर'चा दुसरा भाग १९७४ सालीं काढला, तेव्हां मुलाचा वर्तमानकाळ आणि बापाचें तारुण्य हीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेविलीं. बापानें उभें केलेलें राज्य राखतां राखतां मुलगा एकटा पडला, हा पहिल्या भागांत दडलेला अर्थ त्यामुळें उघड झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळविणारा तो पहिला उत्तरभाग ठरला. पुढें सोळा वर्षांनीं, १९९० सालीं, तिसरा भाग आला. दिग्दर्शक तेच असूनही पहिल्या दोहोंचा मान त्यास मिळाला नाहीं. नुसता काळ लोटल्यानें सुधारणा होत नसते, हें यावरून दिसतें.

आपल्या देशांत सत्यजित राय यांनीं 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) व 'अपूर संसार' (१९५९) या तीन चित्रपटांत अपूचें आयुष्य रंगविलें. अपूचें काम करणारे नट बदलत गेले, खेडें मागें पडून काशी व कलकत्ता पुढें आलीं. तरीही माणूस तोच वाटतो, कारण बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांतील जीवन हें मूळ रायांनीं दृष्टीआड होऊं दिलें नाहीं. 'अपराजितो'स १९५७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत सुवर्णसिंहाचा मान मिळाला.

निर्मात्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या भागास पहिल्याचा प्रेक्षक आयता मिळतो. तो दुरावूं नये म्हणून तोच विनोद, तीच मारामारी, तेंच गाणें पुन्हां घालण्याचा मोह होतो. चित्रपटाचा धंदा मोठ्या भांडवलाचा असल्यामुळें हा मोह केवळ आळसाचा म्हणतां येत नाहीं. पेन्सिल व कागद यांस खर्च थोडा, म्हणून घरांतील छंदी मुलास बिघडलेलें चित्र फाडून पुन्हां मूळ चेहऱ्याकडे पाहतां येतें. तें स्वातंत्र्य निर्मात्यास विकत घ्यावें लागतें. तें घेण्याचें धैर्य त्यानें दाखविलें आहे कीं नाहीं, हें चित्रपटगृहाच्या अंधारांत बसलेल्या प्रेक्षकास पहिल्या अर्ध्या तासांतच कळून येतें.