सहलीला नेमके किती पैसे लागतात?

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस स्वस्त सहलींवर बोलणार, हे वाचून काही जणांनी कार्यक्रमपत्रिका दोनदा पाहिली असणार. पण विषय माझ्याच खात्यातला आहे, आणि तो तसा का आहे ते सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात हिशेबापासून करू. पुण्यातलं आई, वडील आणि दोन मुलं असं घर रविवारी 'बाहेर' पडतं तेव्हा कुठे जातं? बहुतेकदा मॉलमध्ये. रिक्षा किंवा पेट्रोल, गाडी लावायचे पैसे, सिनेमाची चार तिकिटं, मध्यंतरातलं पॉपकॉर्न, आणि मग जेवण. पाचशेच्या चार-पाच नोटा सहज मोडतात. ज्या घरात महिन्याला वीस-पंचवीस हजार येतात, त्या घरानं हा हिशेब एकदा केला की ते ठरवून टाकतं, आपल्याला बाहेर जाणं परवडत नाही. मग रविवार चौघांचा चार कोपऱ्यांत जातो, किंवा एकाच मोबाइलवरून भांडण्यात. माझं म्हणणं असं की त्या घराला परवडत नाही ती खरेदी. बाहेर जाणं परवडतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण कधीपासून मानायला लागलो?

आपली भाषा तसं मानत नाही. फिरायला जाणं, भटकणं, हुंदडणं, रपेट मारणं, सहल, वनभोजन, कार्तिकातलं आवळीभोजन. या एकाही शब्दात पैसे देण्याची क्रिया नाही. आवळीभोजनात काय असायचं? घरचाच स्वयंपाक डब्यात घालून आवळ्याच्या झाडाखाली नेऊन खायचा. तेच पिठलं, तीच भाकरी, फक्त जागा बदलायची. आणि चव बदलायची, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या खात्यातलं थोडं. ग्रीक भाषेत निवांत वेळेला 'स्कोले' म्हणतात. आपल्या 'स्कूल'चं मूळ तेच. अॅरिस्टॉटल करमणूक आणि हा निवांतपणा यांत फरक करतो. करमणूक म्हणजे त्याच्या मते औषध. कामानं थकलेल्या माणसाला पुन्हा कामाला उभं करण्यापुरतं ते घ्यायचं. निवांतपणा कशासाठी नसतो. उलट बाकी सगळं त्याच्यासाठी असतं. (अॅरिस्टॉटलचा हा निवांतपणा गुलामांच्या कष्टांवर उभा होता, हेही लगेच सांगतो, नाहीतर नंतर कुणी मला धरेल.) मॉल औषध देतो, आणि चांगलं देतो. तिथे सगळं तयार असतं. गारवा तयार, गाणं तयार, हसायच्या जागा तयार. आपल्याला करण्यासारखं काही उरतच नाही. एकमेकांशी बोलायचीही गरज पडत नाही. ज्या ठिकाणी तयार करमणूक कमी असते तिथे चालावं लागतं, वाट बघावी लागते, रस्ता विचारावा लागतो, पाणी पुरवून प्यावं लागतं. हे सगळं चौघांनी मिळून करावं लागतं. सहल स्वस्त असली की ती माणसांना कामाला लावते, आणि मला वाटतं तिचा खरा लाभ तिथेच आहे.

हे हवेत राहू नये म्हणून एक दिवस घेऊ. पुणे-लोणावळा लोकल, आणि उतरायचं मळवलीला, म्हणजे लोणावळ्याच्या आधीचं स्थानक. तिकीट माणशी एका वडापावच्या आसपास. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. सकाळी लवकरची गाडी धरा. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल फार विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. हा मार्गही साधा नाही. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला बोरघाट रुळांनी जोडायला १८६३ उजाडलं. तोवर प्रवासी घाट रस्त्यानं उतरून खाली पुन्हा गाडीत बसत. खिडकीशी बसलेल्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे.

मळवलीला उतरून भाज्याकडे चालायला लागलं की द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. तिथे पाच मिनिटं थांबा. सुट्टीच्या दिवशी खाली गाड्यांची रांग लागलेली दिसते. त्यांतल्या बऱ्याच जणांना लोणावळ्याला पोचायचं असतं. तुम्ही पोचलेले असता.

भाजे गावातून पायऱ्या चढून गेलं की लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, बावीस लेणी. पुरातत्त्व खात्याचं तिकीट किरकोळ, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. बहुतेक लोक चैत्यगृहासमोर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत खाली उतरतात. माझी सूचना अशी की तिथे जाऊन मुलांना एकच प्रश्न विचारावा: हे खांब तिरपे का आहेत?

नीट बघा, चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला कलायचं काही कारण नाही. वरचा डोंगर त्याच्यावर उभा नाही. सगळा एकच खडक आहे. मग का? कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. लाकडी घुमटाचा भार बाहेर रेटतो, म्हणून खांब आत कलते रोवावे लागतात. दगडात ती गरज संपली, पण हाताची सवय राहिली. वर पाहा, छताला लाकडी कमानी आहेत, अस्सल लाकडाच्या, दोन हजार वर्षं टिकलेल्या. छताला त्यांच्या आधाराची गरज नाही. पुढची लाकडी दर्शनी बाजू मात्र गेली. ती बसवण्यासाठी केलेली भोकं दगडात दिसतात. दहा वर्षांच्या मुलाला हे उत्तर आधी सांगू नका. त्याला अर्धा तास तर्क लढवू द्या. 'भूकंप झाला असेल' इथपासून सुरुवात होते. होऊ द्या. आपण वर्गात ज्याला अनुमान म्हणतो ते हेच. दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जायचं.

जरा पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, काही आत, काही बाहेर. तिथे राहून गेलेल्या स्थविरांच्या स्मरणार्थ ते कोरले. काहींवर त्यांची नावं आहेत. शेवटच्या बाजूच्या विहारात रथावर बसलेली आणि हत्तीवर बसलेली अशा दोन आकृती आहेत. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणायची पद्धत आहे, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. तिथेच कोरलेली एक बाई तबल्यासारखं दिसणारं वाद्य वाजवते आहे. तरुण मुलं तिच्यापाशी हमखास थांबतात.

खाली उतरून डबा खायचा. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी पुढे लोहगड करावा. तो आता युनेस्कोच्या यादीत आहे, २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले त्यात घेतले गेले त्यांपैकी एक. ज्यांच्यात नाही त्यांनी झाडाखाली आडवं व्हावं. एका दिवसात भाजे, कार्ले, लोहगड आणि वर लोणावळ्याची चिक्की, असा बेत कृपा करून करू नका. ती मोजदाद झाली. कान्ट आयुष्यात कोनिग्जबर्गच्या आसपासचा प्रदेश सोडून कधी गेला नाही, तरी चाळीस वर्षं भूगोल शिकवत होता. मी हे घरी बसण्याचं समर्थन म्हणून सांगत नाही. पण एक जागा पुरते, बघणारा पुरेसा असला तर.

आता पावसाळ्याचं बोलावंच लागेल, कारण आपल्याकडे सहल म्हणजे पाऊस असं समीकरण झालंय. ही लेणी मुळात कशासाठी होती? भिक्षू वर्षभर फिरत असत, आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे पाऊस आला की ज्यांनी प्रवास थांबवला, त्यांच्या जागी आपण पाऊस आला की निघतो, आणि सगळे एकाच रविवारी निघतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यांत मुलं होती. पुढच्या वर्षी १५ जूनला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल लोकांच्या भारानं कोसळला. दोन्ही दिवस रविवार. ही माणसं बेफिकीर होती असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. स्वस्तात मुलांना पाणी दाखवायला नेलेली ती आपल्यासारखीच माणसं होती. डोंगरात वर कुठेतरी पाऊस पडतो आणि आपण उभे असतो तिथे ऊन असतं, तरी मिनिटांत पाणी चढतं. म्हणून माझा सरळ सल्ला: जून ते ऑगस्ट पाण्यात उतरायचं नाही, गर्दी दिसली की पुलावर पाय ठेवायचा नाही, आणि लेण्यांना जायचं ते दसऱ्यानंतर. डोंगर तेव्हाही हिरवाच असतो, आणि तिरपे खांब बघायला उजेड लागतो.

तरुणांसाठी वेगळं बोलायला हवं. वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली, शिकणारी किंवा नुकती नोकरीला लागलेली, खोलीत चौघं राहणारी. त्यांची अडचण पैशांची तर आहेच, पण त्याहून जास्त बसायच्या जागेची आहे. काही विकत न घेता दोन तास बसता येईल अशा जागा शहरात किती उरल्या? कॅफेत कॉफी संपली की वेटर दोनदा येऊन विचारतो. बागेत बसलं तर कुणीतरी काका संशयानं बघतात. त्या काकांच्या वयाचा मी आहे, म्हणून हक्कानं सांगतो, बघू नका. त्यांना बोलू द्या. ज्या शहरात तरुण माणसाला बोलायलाही भाडं द्यावं लागतं, तिथे ती बोलणार कधी?

पुण्यात या प्रश्नाचं उत्तर टेकड्यांनी दिलंय. पर्वतीच्या पायऱ्या, हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी. तिकीट नाही, पहाटे गेलात तर मोर ओरडताना ऐकू येतात. वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा वाद कितीतरी वर्षं चालू आहे. वाहतुकीची बाजू मला कळते, कोंडी मीही सोसतो. पण त्या वादात टेकडीची किंमत झाडं मोजून मांडली जाते, आणि तिथे फुकट बसणाऱ्या माणसांची मोजणी होत नाही. त्यांच्यासाठी ती दिवाणखान्याची जागा आहे. बऱ्याच जणांच्या खोलीत खुर्चीसुद्धा एकच असते. ही मोजणी व्हायला हवी असं माझं मत आहे, आणि ती करायला टेकडीवर नियमानं जाणाऱ्यांइतकं योग्य कुणी नाही.

फुकट संध्याकाळींत आणखी एक. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. भाषणाला जाणं हीसुद्धा सहलच होती लोकांची. येताना वाद घालत चालत यायचं. तुम्ही हे घरी बसून ऐकताय, तेही ठीक, पण वाद घालायला कुणीतरी शेजारी असू द्या.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'आमच्या घरी ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. गुडघे दुखतात. लेणी, टेकडी सगळं त्यांना वगळून होतं. मग आम्ही जातच नाही.' चांगला प्रश्न आहे, आणि बऱ्याच घरांचा आहे.

त्यांना घेऊन वाईला जा. एसटीनं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुमच्या घरातल्या बहुतेक जणींचा प्रवास सवलतीत होतो. (रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती अजून परत दिलेली नाही, हे सांगायची संधी मी सोडत नाही.) सासूबाईंचा आधार कार्डासारखा वयाचा पुरावा बरोबर असू द्या, आणि त्यांना खिडकी द्या. स्वारगेटहून गाडी मिळते. वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, रास्त्यांनी बांधलेलं. मूर्ती प्रचंड. सावलीत बसून नदी बघत राहायचं. सासूबाई तिथे तासभर बसतील आणि तुम्हाला त्यांच्या लहानपणातलं काहीतरी नवीन ऐकायला मिळेल, असा माझा अंदाज आहे. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना सांगतो, मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच, प्राज्ञपाठशाळेतले.

तासभर झाला की तिथून रिक्षा करून मेणवलीला जा, जवळच आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे तिथे. घाटावरच्या देवळात टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल आहे, आणि मेरीमाता आणि बाळ येशू कोरलेले आहेत. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा ती, शंकराच्या दारात वाजते. ती कशी आली ते मुलांना सांगायचं काम सासूबाईंवर सोपवा, आदल्या रात्री त्यांना गोष्ट सांगून ठेवा. घाटाच्या पायऱ्या त्यांनी उतरायच्या नाहीत, वरूनही नदी दिसते. आणि परतीच्या गाडीची वेळ वाई स्थानकात उतरल्या उतरल्याच चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा.