मतपेटीबाहेरची मालकीण

घरे रचणाऱ्यांना त्यांचेच व्यवसायबंधू जे पुरस्कार देतात, त्यांचा अभ्यास करताना मी एका घरापाशी थबकलो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील प्लेनोजवळ, फॉक्स नदीकाठी, मीस व्हॅन डर रोह यांनी डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी रचलेले काचेच्या भिंतींचे हे घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. खर्चावरून दोघे कोर्टात गेले. घरात आडोसाच नाही, ही डॉक्टरबाईंची तक्रार होती. १९५४ मध्ये पुराचे पाणी आत शिरले. सुमारे वीस वर्षे वापरून त्यांनी घर विकले. १९८१ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने काळाच्या कसोटीला उतरलेल्या वास्तूंसाठीचा ‘पंचवीस वर्षे’ पुरस्कार त्याला दिला. तेव्हा दोघेही हयात नव्हते. रचनेतले बारकावे व्यवसायबंधूंनाच उमगतात, हे मला मान्य आहे. पण घराची कसोटी त्यात राहणाऱ्याला वगळून पुरी कशी होणार?