डब्यातले हार्मोन आणि खरा उपचार

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की आमच्या महिला मंडळातल्या बायका थोडा वेळ मागे थांबतात. मग हळू आवाजात दुखण्याखुपण्याची बोलणी सुरू होतात. गेल्या वर्षी एका ताईंनी पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. वय ४८. "सिस्टर, वर्ष झालं पाळी गेली. अंगातून वाफा निघतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ओळखीतल्या बाईनं हे दिलं. नैसर्गिक हार्मोन आहे म्हणाली, काही अपाय नाही." डब्याची किंमत १,८०० रुपये. ताई चार घरची धुणीभांडी करतात. आत नेमके काय आहे, ते डब्यावर नीट लिहिलेलेही नव्हते.

शेजारी ३४ वर्षांची एक सून बसली होती. ती म्हणाली, "मला पण असंच होतं, ताई. दोन वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली, अंडाशयासकट. पण मला कोणी काही दिलंच नाही."

ताईंना गरज नसलेली पावडर विकली गेली होती. सुनेला खऱ्या औषधाची गरज होती, पण तिला ते कोणी सांगितलेही नव्हते. आपल्या वस्तीत हे दोन्ही नेहमी घडते, म्हणून या वेळी हा विषय.

शरीरात काय होते?

आपल्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशये असतात. ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन तयार करतात. पाळी त्यांच्यामुळे येते. हाडे मजबूत राहणे, योनीमार्गातला ओलावा, शरीराचे तापमान सांभाळणे यांतही इस्ट्रोजेनचा हात असतो. वय वाढले की अंडाशयांचे काम मंदावते. सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असे समजावे. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होते.

हा आजार नाही. पण त्रास खरा असतो. गरम वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळ हे मनाचे खेळ नाहीत. "आता काय राहिलंय तुझं" असे म्हणून घरच्यांनी ते उडवून लावू नये. ४५ वर्षांनंतर पाळी जाताना अशी लक्षणे असतील, तर हार्मोनच्या महागड्या रक्ततपासण्यांचीही सहसा गरज नसते.

'नैसर्गिक' म्हणजे काय?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा गुरू आहे एवढ्यावरून काही मानू नका, तपासून पाहा. हा डबाही तसाच तपासू.

अमेरिकेत १९४२ पासून विकले गेलेले इस्ट्रोजेनचे एक प्रसिद्ध औषध गाभण घोडीच्या मूत्रापासून बनते. तेही नैसर्गिकच! याउलट, रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनते हे खरे, पण ते प्रयोगशाळेत. आपल्या शरीराला कंदाचे हार्मोन करता येत नाही. म्हणून कंदाचे मलम चोळून हार्मोन मिळत नाही. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखा द्रव्यांश असतो. त्याने काहींच्या वाफा थोड्या कमी होतात, पण तो औषधाची जागा घेत नाही. सोयाबीन खावे, पण त्यासाठी १,८०० रुपये मोजायची गरज नाही.

आणि जी वस्तू शरीरात खरोखर हार्मोनसारखे काम करील, तिचा अपायही होऊ शकतो. 'फायदा आहे, अपाय नाही' असे सांगणारा औषध देत नसतो, माल विकत असतो.

खरा हार्मोन उपचार कोणाला?

२००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हार्मोनच्या एकत्रित गोळ्यांमुळे स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी यांचा धोका काहीसा वाढलेला दिसला. जगभर बायकांनी भीतीने गोळ्या सोडल्या. पुढे नीट पाहिल्यावर कळले की, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, फार त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला बहुधा धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. पण निर्णय डॉक्टरांनी तपासूनच घ्यायचा. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर या गोळ्या सहसा देत नाहीत. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटे घ्यायचे नाही. त्याने पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागते.

मात्र ४५ च्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. तिची पाळी एका दिवसात जाते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. तिला अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

पिशवी काढण्याआधी विचारा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. पाळीमुळे खाडा नको, दंड नको, या धाकाने आणि 'पुढे कॅन्सर होईल' या भीतीने हे घडले. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. त्यासाठी पिशवी काढत नाहीत.

म्हणून विचारा: आजाराचे नाव काय? औषधाने बरा होणार नाही का? अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का? नंतर हार्मोन लागतील का? सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

रोजचे काय?

नाचणी, तीळ, पालेभाज्या, डाळ, जमेल तसे दूध खा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. कोवळ्या उन्हात चाला. सुती कपडे घाला, चहा कमी करा. मिश्री सोडा, तोंडाच्या कर्करोगाचे ते कारण आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीने सरकारी केंद्रात बीपी, साखर, स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाची तपासणी करून घ्यावी.

पाळी गेल्यावर वर्षभराने रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 'पाळी परत आली' म्हणून आनंद मानू नका. तो कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो.

त्या दोघींना घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेले. ताईंना हार्मोनची गरज निघाली नाही, पण बीपी वाढलेला निघाला. डब्याच्या नादात तो तपासायचाच राहिला होता. आता त्या बीपीची गोळी घेतात. सुनेचे कार्ड पाहून, तपासून डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभराने ती भेटली आणि म्हणाली, "सिस्टर, आता झोप लागते. हे दोन वर्षांपूर्वीच कुणी सांगितलं असतं तर?"

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने भाषण केले. बाईच्या शरीराचा प्रश्न हा समाजाचा आणि सरकारचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. बहिणींनो, तो प्रश्न डब्यात बंद करू नका. विहारात बोला, दवाखान्यात विचारा, आणि एकटीने जायला धीर होत नसेल तर दोघी मिळून जा.

जय भीम!