बाईंच्या सहीखालचा ठराव

कर्तबगार बाईची मुलाखत घ्यायला गेलेला वार्ताहर तिला काय विचारतो, यावरून मी त्या वर्तमानपत्राची पत ठरवतो. 'घर आणि काम यांचा मेळ कसा घालता?' हा प्रश्न सुरुवातीलाच आला, की पुढं वाचण्यासारखं फारसं उरत नाही. बजेट किती होतं, विरोध कुणी केला, कुठला निर्णय मागं घ्यावा लागला, यातलं काहीही त्या मजकुरात सापडणार नाही. लाडू मात्र सापडतील.

तानूबाई बिर्जे यांनी 'दीनबंधु' या वृत्तपत्राचं संपादन केलं तिथपासून, १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं तिथपर्यंतचा मराठी माध्यमांतल्या बायकांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. बोलपटातल्या नायिकांवरही पुष्कळ छापून झालं आहे. तो भाग मी सोडतो.

माझं म्हणणं सुरू होतं ते समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यापासून. १९७२ चं महागाईविरोधी आंदोलन म्हटलं की बायकांच्या मोर्चातलं लाटणं आठवतं. १९७७ ला त्या लोकसभेत गेल्या, तेव्हाची 'पाणीवाली बाई दिल्ली में' ही घोषणाही सगळ्यांना पाठ आहे. लोकांनी ते नाव प्रेमानं दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९६१ पासून नगरसेविका म्हणून महापालिकेशी त्या कशा भांडल्या, कमाल जमीनधारणा कायद्याचा अभ्यास करून दिंडोशीला नागरी निवाऱ्याची वसाहत कशी उभी केली, हे सांगणारे लेख किती निघाले? लाटण्याचा फोटो छापायला सोपा, कायद्याचं कलम समजून घ्यायला वेळ लागतो.

गोव्यात शशिकला काकोडकरांचं तेच झालं. १९७३ मध्ये वडील भाऊसाहेब गेल्यावर त्या मुख्यमंत्री झाल्या, १९७७ ची निवडणूक स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकल्या. मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कूळकायद्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. तरी लेखाचं पहिलं वाक्य बहुधा 'भाऊसाहेबांची कन्या' असंच असतं.

पडद्यावर एकदाच मनासारखं पाहायला मिळालं, ते १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये. स्मिता पाटीलची सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि जब्बार पटेल आपल्याला तिच्यासोबत त्या नोकरीत नेऊन बसवतात. आश्रमातला गैरकारभार, व्यवस्थापन समितीशी खटके, शेवटी चौकशी. लोकांच्या ओठांवर गाणी राहिली, वाद झाला तो तिनं घर सोडल्याचा. ती अधिकारी म्हणून कशी होती यावर कुणी भांडलं नाही. पुढं टीव्हीवर 'दामिनी'त पत्रकार आली, 'आभाळमाया'त प्राध्यापिका आली. हल्लीच्या मालिकांत नायिका बघता बघता कंपनीची मालकीण होते. कंपनीत काय बनतं, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९३ पासून गावोगावी बायका सरपंच झाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखल्या. त्या काळात एका दैनिकाची ग्रामीण पुरवणी माझ्याकडं होती. वार्ताहरांना मी अट घातली होती: सरपंचबाईंवर लिहायचं तर आधी ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग वाचून या. सूचक कोण, अनुमोदक कोण, सही कुणाची, हे उतरवून आणा. मराठवाड्यातल्या एका गावाहून आलेली वही मला अजून दिसते. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घराला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचा विषय होता. लागोपाठ तीन सभांपुढं एकच शेरा: कोरमअभावी तहकूब. चौथ्या वेळी बाईंनी आदल्या रात्री घरोघर फिरून माणसं जमवली. ठराव मंजूर झाला. सूचक म्हणून एका विधवा सदस्येचं नाव, खाली बाईंची सही, अक्षर थोडं तिरकं. आम्ही ते सगळं तारखांसकट छापलं. 'हे वाचणार कोण?' असं कचेरीत विचारलं गेलं. आठवड्याभरात ग्रामसेवकांची पत्रं आली, ठरावाचा मसुदा पाठवा म्हणून.

काही मंडळींना 'सरपंचपती' हाच एक विषय दिसतो. नवरे कारभार हाकतात, हे खोटं नाही. मीही पाहिलं आहे. पण तीस वर्षं तोच विनोद छापणाऱ्यांनी ज्या गावात बाई स्वतः कारभार करते तिथं कधी मुक्काम केला आहे का? त्यांच्या लेखात गावाचं नाव नसतं, ठरावाचा तर प्रश्नच येत नाही.

त्या पुरवण्या आता गेल्या. तालुक्याच्या वार्ताहराकडं बातमीच्या आधी जाहिरातीचा आकडा मागितला जातो. नवरात्रात नऊ साड्यांतल्या नऊ दुर्गा आणि आठ मार्चला प्रायोजित पानं निघतात, त्यातली नावं जाहिरात विभागात ठरतात. ज्या बाईकडं जाहिरात द्यायला पैसे नाहीत, तिचं काम त्या पानावर येणार कसं?

२०२३ च्या घटनादुरुस्तीनं लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्यायचं ठरवलं आहे. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाली की त्या सभागृहात येतील. त्याआधी नव्या वार्ताहरांनी विधिमंडळाच्या ग्रंथालयात जाऊन मृणालताईंची विधानसभेतली भाषणं काढावीत. त्यावर कुणी सविस्तर लिहिणार असेल, तर माझ्याकडची कात्रणं मी आनंदानं देईन.