सोळा इंचांत एक सूत कमी

आपल्या हॉस्टेलची अशी एकही विंग नसेल की जिथे रात्री अकरानंतर काउंटर-स्ट्राइक चालत नाही. गेममध्ये काय, सगळंच सोपं! एक बटण दाबलं की सायलेन्सर बसतो, तेच पुन्हा दाबलं की उतरतो. परवा मेसमध्ये एका ज्युनिअरने विचारलं, "खऱ्या रायफलला हे सगळं असं लावता येतं का? आणि लावलं तर पोलीस धरत नाहीत?" टेबलावरच्या पाच जणांनी पाच उत्तरं दिली आणि पाचही चुकीची होती. म्हणून म्हटलं, या विषयावर एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधीच सांगतो, बंदूक चांगली की वाईट यावर हा लेख नाही. तो वाद घालायला जिमखान्याचा कट्टा आहेच. इथे प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे. एखाद्या मशीनमध्ये मालकाने किती बदल करायचे, ही रेघ कायदा कुठे आणि कशी मारतो? आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलला की पोलीस पावती फाडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. अमेरिकेत रायफलच्या बाबतीत हाच खेळ गेली नव्वद वर्षं चालू आहे, आणि तो आपल्या कुठल्याही टेक्स्टबुकपेक्षा इंटरेस्टिंग आहे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नक्की काय?

गोळी सुटली की तिच्या मागच्या गॅसचा किंवा धक्क्याचा थोडा जोर वापरून रायफल स्वतःच रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि नवीन आत घेते. इथपर्यंत सेमी-ऑटो आणि ऑटो सारख्याच. फरक पुढे आहे. सेमी-ऑटोमध्ये चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. दुसऱ्या गोळीसाठी बोट सैल करून चाप पुन्हा ओढावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. हा एवढासा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं महाभारत यावरच आहे.

मेकॅनो रायफल

या विषयातली हिरॉईन म्हणजे एआर-१५. "एआर" म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे बरं का! ती बनवणारी कंपनी आर्मालाइट, तिच्या नावावरून एआर. १९५० च्या दशकाच्या शेवटी यूजीन स्टोनर या डिझायनरने ती बनवली. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने हक्क विकत घेतले. सैन्यासाठी तिची एम-१६ झाली आणि १९६४ पासून सामान्य गिऱ्हाइकांना सेमी-ऑटो आवृत्ती मिळू लागली. १९७७ मध्ये स्टोनरच्या पेटंटची मुदत संपली, मग काय, कोणीही बनवा!

ही रायफल वरचा आणि खालचा अशा दोन मुख्य भागांची असते आणि दोन पिनांनी जोडलेली असते. आता गंमत बघा. अमेरिकन कायद्याच्या नजरेत "बंदूक" म्हणजे फक्त तो खालचा भाग. सिरियल नंबर त्याच्यावर, दुकानातली तपासणी त्याच्यासाठी. बाकी नळी, दस्ता, मूठ हे सगळं नुसते स्पेअर पार्ट्स. म्हणूनच तिथे लोक आपल्याकडच्या बाइकवाल्यांसारखे पार्ट जमवत बसतात.

त्यात भर पडली स्टँडर्डायझेशनची. १९९५ मध्ये अमेरिकन सैन्याने मिल-स्टँडर्ड-१९१३ स्वीकारलं, म्हणजेच पिकॅटिनी रेल. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागारावरून हे नाव पडलं. धातूची एक पट्टी, तिच्यावर ५.२३ मिमी रुंदीच्या खाचा आणि दोन खाचांमध्ये १०.०१ मिमीचं अंतर. बास! दुर्बीण, टॉर्च, बायपॉड, कोणत्याही कंपनीचं काहीही आणा, बसणारच. मशीन ड्रॉइंगचे सर "टॉलरन्स लिहा, टॉलरन्स लिहा" म्हणून का ओरडतात ते इथे कळतं.

यातल्या बऱ्याच वस्तू कायद्याच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी आहेत. खांद्याचा पट्टा, दुर्बीण, टॉर्च, चापाचं कुलूप यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. अडचण सुरू होते ती नळी, दस्ता, मूठ, मॅगझिन आणि चाप या पाच ठिकाणी.

१९३४: फूटपट्टीचा कायदा

दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर अमेरिकेने १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट केला. मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड केलेल्या बंदुका यांची नोंदणी आणि २०० डॉलरचा कर, असा तो कायदा. त्या काळी २०० डॉलर म्हणजे केवढी रक्कम! मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. कल्पना अशी की लपवता येणारं हत्यार नको, आणि पिस्तुलावर बंधन आलं तर लोक रायफलची नळी कापून तिचंच पिस्तूल करतील, म्हणून तिलाही किमान लांबी हवी. पुढे पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली, पण आखूड रायफलचा नियम तसाच राहून गेला. डिझाइन बदललं तरी जुन्या डिझाइनमधला एक सपोर्ट तसाच उभा, असा प्रकार!

आज नियम असा आहे: रायफलची नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर १६ इंचांत एक सूत जरी कमी भरलं, तरी ती वेगळ्या वर्गातली वस्तू होते. नोंदणीशिवाय ती जवळ सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. कायमस्वरूपी जोडलेला तोंडाचा भाग लांबीत धरला जातो, हाताने फिरवून निघणारा धरला जात नाही. म्हणजे थ्रेड आणि वेल्ड यातला फरक तिथे कोर्टात मोजला जातो.

मशीनगनचं दार तर १९८६ मध्ये जवळजवळ बंदच झालं. त्या वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. सायलेन्सरचं मात्र वेगळं आहे. बहुतेक राज्यांत तो नोंदणी करून घेता येतो. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने त्याच्यावरचा आणि आखूड रायफलवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, पण बोटांचे ठसे, फोटो आणि नोंदणी कायम ठेवली.

सायलेन्सरने सिनेमासारखा "फुस्स" आवाज येतो हा गैरसमजही काढून टाका. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो वीस-तीस डेसिबलने कमी होतो. कानाला त्रास कमी, पण बंदूक उडाल्याचं समजतंच. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गाडीच्या मफलरमागचं तत्त्वही हेच आहे: गरम गॅसला फिरवत-फिरवत, दमवून बाहेर सोडायचं.

१९९४: दिसण्यावर बंदी

१३ सप्टेंबर १९९४ ला अमेरिकेत "असॉल्ट वेपन्स" बंदी आली. काढता येणारं मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटो रायफलला पाचपैकी दोन गोष्टी असल्या तर ती बंद. पाच गोष्टी अशा: घडीचा किंवा सरकता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची बेचकी, ज्वाळा दाबणारं तोंड किंवा ते लावायचे आटे, आणि ग्रेनेड लाँचर. शिवाय दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन्स बंद.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. या पाचांतली एक तरी गोष्ट गोळीचा वेग किंवा भेदकता वाढवते का? नाही. कंपन्यांनी काय केलं? संगिनीची बेचकी घासून टाकली, नळीचे आटे काढले, दस्ता फिक्स केला आणि तीच रायफल नव्या नावाने विकायला ठेवली. ज्वाळा दाबणारं तोंड यादीत होतं, पण धक्का कमी करणारा मझल ब्रेक नव्हता. दोन्ही नळीच्या टोकालाच बसतात. पहिला गरम गॅस पसरवून ज्वाळा लहान करतो, दुसरा तोच गॅस बाजूला वळवून मागचा धक्का कमी करतो. लांबून पाहणाऱ्याला फरकही कळत नाही! ही बंदी दहा वर्षांनी, २००४ मध्ये, मुदत संपून गेली.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. मूठ आणि दस्ता यांनी गोळीचा वेग बदलत नसला तरी रायफल हाताळणं सोपं होतं. आणि मॅगझिनची मर्यादा ही तर दिखाऊ नव्हतीच. दर दहा गोळ्यांनंतर थांबावं लागलं तर तेवढ्या सेकंदांत समोरच्याला पळता येतं. ते सेकंद मोजायचे कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न आहे.

कॅलिफोर्नियात हा उंदीर-मांजराचा खेळ आणखी रंगला. तिथे यादी कडक, एक गोष्ट पुरे. पण नियमात असं होतं की मॅगझिन काढायला "हत्यार" लागत असेल तर ते काढता येणारं धरायचं नाही, आणि बंदुकीची गोळी हेसुद्धा हत्यारच धरलं होतं. झालं! कोणीतरी असं बटण काढलं की जे बोटाने दाबत नाही, गोळीच्या टोकाने दाबतं. नाव पडलं बुलेट बटण. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत हत्याकांड झालं. २०१६ मध्ये कायदा करून राज्याने ही फट बुजवली. लगेच बाजारात माशाच्या कल्ल्यासारख्या विचित्र मुठी आल्या, ज्यांच्याभोवती अंगठा वळतच नाही, म्हणजे ती "पिस्तुलासारखी मूठ" ठरतच नाही!

चापाची एक क्रिया

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पुढचं हसण्यासारखं नाही.

बंप स्टॉक नावाचा एक दस्ता निघाला. त्याने रायफलच्या आत काहीच बदलत नाही. धक्क्याने रायफल मागे-पुढे सरकते आणि स्थिर बोटावर चाप पुन्हा पुन्हा येऊन आदळतो. २०१० मध्ये सरकारी खात्याने कळवलं की ही मशीनगन नव्हे, विका खुशाल. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगसमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून खाली चाललेल्या संगीत मैफिलीवर दहाएक मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्याच्या अनेक रायफल्सना हे दस्ते होते. ५८ माणसं तेव्हा गेली, नंतर जखमांनी आणखी दोन. एकूण साठ. आपली एक अख्खी डिव्हिजन.

डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने नियम बदलून बंप स्टॉकला मशीनगन ठरवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द झाला. मुद्दा एकच होता. कायद्यात मशीनगनची व्याख्या "चापाच्या एकाच क्रियेने आपोआप एकापेक्षा अधिक गोळ्या" अशी आहे. बहुमताने सांगितलं, दर गोळीला चाप सुटून पुन्हा दाबला जातो, म्हणून ही व्याख्या लागू नाही. निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या चक्क आकृत्या आहेत! अल्पमताचं म्हणणं असं की माणूस बोट एकदाच ठेवतो आणि पुढे दाबत राहतो, मग क्रिया एकच नाही का? म्हणजे चापाची क्रिया मोजायची की माणसाची? साठ माणसांच्या मृत्यूनंतर देश या प्रश्नावर येऊन थांबला. कायदा बदलायचं काम संसदेचं, आणि अनेक राज्यांनी आपापल्या पातळीवर बंदी ठेवली आहेच.

आपल्याशी काय संबंध?

पुष्कळ आहे. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी अॅक्सेसरी हीच व्याख्येने "फायरआर्म" आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा कलम ६ नुसार गुन्हा आहे, आणि खोट्या बंदुकीची खरी करणंही. तेव्हा वर्कशॉपमधल्या लेथवर "नुसती गंमत म्हणून" असले जॉब काढायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

एमएसला जाणाऱ्या सीनिअर्सनी हे विशेष वाचावं. विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकेतही बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते आधी वकिलाला विचारून. रूममेटने "धर रे जरा माझ्या खोलीत" म्हटलं तरी धरायची नाही. आणि येताना आठवण म्हणून एखादा पार्ट किंवा रिकामी वाटणारी गोळी बॅगेत टाकू नका. तिथे निर्यातीचे नियम, इथे कस्टम्स आणि शस्त्र कायदा, मधल्या मध्ये डिग्रीचं भजं!

ज्यांना मनापासून या यंत्राची आवड आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे, रायफल क्लबचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेऊन आला. या खेळातल्या रायफलचा दस्ता, गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, सगळं नेमबाजाच्या मापाने मिलिमीटरमध्ये जुळवतात. पण मर्यादेत! एअर रायफलचं वजन ५.५ किलोच्या वर गेलं की चालत नाही. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर सगळं मोजलं जातं.

शेवटी एवढंच सांगतो. कायदा हेही एक स्पेसिफिकेशनच आहे. ते मापावर लिहिलं तर लोक माप पाळतात आणि हेतू सोडतात. हेतूवर लिहिलं तर मोजायचं कसं, असा प्रश्न येतो. उद्या आपण कोणी ब्रेक बनवू, कोणी लिफ्ट, कोणी सॉफ्टवेअर, आणि साहेब विचारेल, "नियमात बसतंय ना?" तेव्हा "बसतंय" म्हणण्याआधी तो नियम कोणाचा जीव वाचवायला लिहिला होता, तेवढं एकदा बघून घ्या. ते काम कुठलाही इन्स्पेक्टर आपल्यासाठी करणार नाही.